पासिंगच्या आधी गाडी तपासून द्या म्हटलं, तर गाडीच काढून टाका म्हणता

प्रति,
विभागप्रमुख, ग्राहक सेवा

विषय: पुनर्नोंदणीपूर्व तपासणीत दिलेला चुकीचा सल्ला, चेसिस नंबरवर मारलेला रंग आणि परस्पर बंद केलेली तक्रार

गुरुवारी, ७ मे रोजी ११ वाजून ५० मिनिटांनी तुमच्या ग्राहक सेवेशी फोन संपला. ११:५२ ला मेसेज आला, ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.’ समाधान कुणाचं झालं ते तुम्ही शोधा. माझं झालेलं नाही, म्हणून हे पत्र.

गाडी तुमचीच आहे, त्यामुळे मॉडेलचं वर्णन करत बसत नाही. पेट्रोल, बीएस-४, पुण्यात नोंदणी २३ जून २०११, धाव १ लाख १२ हजार किलोमीटर. नोंदणी २२ जून २०२६ ला संपते. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी जास्तीत जास्त ६० दिवस करता येतो, म्हणून ६ एप्रिललाच गाडी तुमच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दिली. मागणी एकच होती आणि ती जॉब कार्डावर लिहून घेतली होती: पासिंगच्या आधी काय करायलाच हवं, काय सहा महिने थांबलं तरी चालेल आणि कशाला हातही लावू नये, हे वेगवेगळं लिहून द्या.

तीन दिवसांनी हातात पडला एक आकडा. ६१,४०० रुपये. कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) ३४,५००, हेडलाइटची जोडी ९,२००, पुढचे ब्रेक पॅड ३,१००, दोन्ही लोअर आर्म (पुढची चाकं धरणारे खालचे दांडे) ७,४००, आणि डिकार्बोनायझिंग, इंजिन ड्रेसिंग, एसी सफाई मिळून ७,२००. यातलं आधी काय आणि नंतर काय, याबद्दल एक अक्षर नाही. ‘सगळंच करून घ्या, मग टेन्शन नाही,’ असं ॲडव्हायझर म्हणाले. तपासणीचे १,१८० रुपये मात्र लगेच घेतले.

आता कन्व्हर्टर. पीयूसीच्या चाचणीत आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.९ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ३१० पीपीएम आलं. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ आणि २०० ची आहे, म्हणजे गाडी नापास. पण त्याच कागदावर २,५०० आरपीएमला सीओ ०.१८ होतं, मर्यादा ०.२. तुमच्या माणसांनी वरची ओळ वाचली आणि खालची सोडून दिली. कन्व्हर्टर मेला असता तर दोन्हीकडे आकडा वर गेला असता. आयडलला बिघडतं आणि रेस दिल्यावर सुधारतं, तर आधी एक्झॉस्टची गळती शोधायची असते. मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्या) आणि पुढचा पाइप जिथे जोडतात तिथलं पॅकिंग खराब झालं, की आयडलला धुराच्या दोन धक्क्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते, मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, असं तो सांगतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत राहतो. रेस दिली की धुराचा प्रवाह सलग होतो आणि हवा ओढली जाणं कमी होतं. तुमच्याच स्कॅनरच्या प्रिंटमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू किती पेट्रोल वाढवतोय तो आकडा, आयडलला अधिक १९ टक्के होता, २,५०० ला अधिक ४. इनटेककडून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या बाजूने, जादा हवा शिरत असती तरी ट्रिम असाच दिसला असता, पण मग सीओ चढला नसता. जोडाच्या फ्लँजवर काजळीचा काळा पट्टा उघड्या डोळ्यांना दिसत होता. गाडी थंड असताना सुरू करून जोडापाशी हात धरला असता तरी फुस्स फुस्स लागलं असतं.

बाहेरच्या गॅरेजमध्ये पॅकिंग आणि स्प्रिंगचे दोन बोल्ट बदलले. मजुरीसह ८५० रुपये. गाडी वीस मिनिटं चालवून, इंजिन पूर्ण तापवून पुन्हा पीयूसी केली: सीओ ०.०६, एचसी ४८. कन्व्हर्टर जुनाच आहे, तोच २०११ चा.

तुमचं ऐकून ३४,५०० घातले असते तर काय झालं असतं, हेही सांगतो. गळती तशीच राहिली असती, ईसीयूने जास्तीचं पेट्रोल तसंच सोडलं असतं आणि न जळलेलं ते पेट्रोल नव्या कन्व्हर्टरमध्ये जळून आतली जाळी वर्षा-दोन वर्षांत खराब झाली असती.

ब्रेकचं प्रकरण जास्त गंभीर आहे. तुमच्या एस्टिमेटमध्ये पुढचे पॅड होते. ते मोजले तर ५ मिलिमीटर निघाले, २ मिलिमीटरपर्यंत यायला अजून बराच काळ आहे. मागचा डावा ड्रम मात्र तुमच्या लोकांनी उघडलाच नाही. उघडल्यावर व्हील सिलिंडरच्या (ब्रेक शू ढकलणाऱ्या भागाच्या) रबरी टोपीखाली ओल होती आणि शूच्या वरच्या कडेला ब्रेक ऑइलचा डाग लागला होता. पुढच्या दोन्ही ब्रेक होजना (ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्यांना) वाकवल्यावर बारीक भेगा दिसत होत्या. पासिंगच्या आधी करायची खरी कामं ही होती. आरटीओचे निरीक्षक चेसिस नंबर बघतात, दिवे, हॉर्न, वायपर, टायर, बॉडी बघतात. ड्रम काढून आत बघत नाहीत. म्हणून ते बघणं वर्कशॉपचं काम असतं. गाडी पास झाली तरी ब्रेक सुटू शकतो. मागचे दोन्ही सिलिंडर, पुढचे दोन होज आणि सगळं ब्रेक ऑइल बदलायला ४,५०० लागले.

लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) वरवर तडकलेत, पण पहार लावून हलवल्यावर खेळ नाही आणि बॉल जॉइंट घट्ट आहेत. ते पावसाळ्यानंतर बघता येतील. हेडलाइटच्या काचा पिवळट झाल्या होत्या. आतला रिफ्लेक्टर चांगला असेल तर ६००, १,००० आणि २,००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून मारायचा, मग पॉलिश आणि वर यूव्ही कोट. ९०० रुपयांत झालं. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही. या गाडीची ३ भरते, पण टायर २०१७ सालचे आहेत आणि बगलेला चिरा पडायला लागल्यात. पासिंगला चालतील, मुंबई एक्सप्रेसवेवर त्यांच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. तुमच्या एस्टिमेटमध्ये टायरचा उल्लेखसुद्धा नाही.

आणि चेसिस नंबर. तो असतो त्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, गंजाचा एक ठिपका होता. न विचारता, न सांगता तुमच्या वर्कशॉपने तिथे काळा गंजरोधक रंग ब्रशने जाड थापला आणि नंबरच्या शेवटच्या चार आकड्यांच्या खाचा बुजवल्या. ज्या गाडीच्या जॉब कार्डावर ‘पासिंगसाठी’ लिहिलंय, तिचा चेसिस नंबर बुजवला! निरीक्षकाला पेन्सिलने छाप घ्यायचा असतो, तो घेता येईना तर अर्ज तिथेच अडतो. ते आकडे थिनर आणि मऊ ब्रशने उघडे करायला दीड तास गेला. तारेचा ब्रश चालला नसता, कारण आकडे खरवडल्यासारखे दिसले तर नंबर खोडल्याचा संशय येतो.

हे सगळं सांगायला फोन केला. चौथ्यांदा. बावीस मिनिटं चाललेल्या त्या फोनवर काय झालं ते व्यवस्थापनाने नीट वाचावं, रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच.

पहिली सात मिनिटं गाडीचा नंबर, मोबाइल नंबर, पिनकोड. मग तक्रार सांगितली. बाई म्हणाल्या, ‘सर, तुम्ही गाडी एकदा पासिंगला घेऊन जा. नापास झाली की ते काय काय दुरुस्त करायचं ते लिहून देतील. तो कागद आमच्याकडे आणा, आम्ही करून देऊ.’

म्हटलं, मग तपासणीचे १,१८० कशाचे घेतले?

‘सर, ते चेकअपचे चार्जेस असतात.’

म्हटलं, चेकअपमध्ये गळती सापडली नाही, ब्रेकची ओल सापडली नाही, उलट चेसिस नंबर बुजवलात.

त्यावर थोडी शांतता, मग, ‘सर, गाडी पंधरा वर्षांची आहे ना? पंधरा वर्षांनंतर तशी चालतच नाही. स्क्रॅपलाच जाते.’

तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, हे सांगितलं. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार पंधरा वर्षांनी पाच वर्षांसाठी वाढवता येते, हेही सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, ‘मी तुमचा कॉल पुढे देते.’ वाटलं, तांत्रिक विभागाला देत असतील. फोन उचलला एक्स्चेंज विभागाने. ‘अभिनंदन सर! तुमच्या गाडीला ४५,००० ची व्हॅल्यू मिळतेय, शिवाय बोनस!’ तक्रार करणाऱ्या माणसाला तुम्ही नवी गाडी विकायला गेलात. तक्रारीबद्दल विचारलं तर त्या गृहस्थांना काहीच माहीत नव्हतं, त्यांच्यासमोर फक्त धाव आणि वर्ष होतं. दोन मिनिटांत तक्रार बंद.

‘आधी नापास होऊ दे’ हा सल्ला किती महागात पडतो, हे कंपनीला कळायला हवं. मुदतीनंतर अर्ज गेला तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात, नूतनीकरणाचं ५,००० शुल्क वेगळंच. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर काढली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. पंधरा वर्षं जुन्या मॉडेलचा साधा भाग तुमच्याच गोदामातून यायला तीन-तीन आठवडे लागतात. म्हणून पीयूसी आणि ब्रेकची तपासणी मुदतीच्या तीन महिने आधी, पत्र्याचं आणि गंजाचं काम त्याच्या पाठोपाठ, आणि दिवे, वायपर, हॉर्न शेवटच्या आठवड्यात बघायचे, कारण बल्ब कधीही जातो. हा क्रम तुमच्या वर्कशॉपला माहीत नसेल असं मला वाटत नाही. तो ग्राहकाला सांगायचा नाही, असं ठरलेलं दिसतं. त्याचं वाईट वाटतं, कारण याच कंपनीच्या इंजिनाने पंधरा वर्षं एकदाही रस्त्यात दगा दिलेला नाही. गाडी बनवणाऱ्यांनी केलेलं चांगलं काम तुमचे विक्रीवाले मातीत घालताहेत.

मागण्या अशा: तक्रार पुन्हा उघडा. १,१८० रुपये परत करा. चेसिस नंबरवर कुणाच्या परवानगीने रंग मारला त्याचं लेखी उत्तर द्या. आणि पासिंगसाठी येणाऱ्या प्रत्येक गाडीचं एस्टिमेट ‘आता’, ‘नंतर’ आणि ‘गरज नाही’ असं तीन भागांत द्यायला त्या वर्कशॉपला सांगा. दोन्ही पीयूसी, स्कॅनरचा प्रिंट, जुनं पॅकिंग, भिजलेला ब्रेक शू आणि बुजवलेल्या नंबरचे फोटो सोबत जोडले आहेत.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही. जुनं पॅकिंग आणि ब्रेक शू पिशवीत घालून ठेवलेत, तेही तिथे दाखवेन. आणि एक्स्चेंज विभागाकडून पुन्हा फोन येऊ देऊ नका.

वाहनमालक, पुणे
८ मे २०२६