तिकीट वसूल करायचं नसलं की म्युझियम जास्त दिसतं

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्याकडे एका आजोबांचं पत्र छापून आलं होतं. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले आणि म्हणे चार भिंती नि टीव्ही यापलीकडे काही बघितलं नाही, कारण म्युझियमच्या तिकिटांचे आकडे बघूनच डोळे पांढरे झाले आणि मुलाला खर्चात पाडणं जिवावर आलं. मला ते पत्र अगदी ओळखीचं वाटलं हो. पहिल्या खेपेला माझंही तेच झालं होतं, कुठलीही किंमत दिसली की डॉलरचे मनातल्या मनात रुपये करायचे आणि मग "नको गं, घरीच बरं वाटतं" म्हणायचं. दुसऱ्या खेपेला मात्र मला एक गोष्ट कळली, ती त्या आजोबांना कुणीतरी आधी सांगायला हवी होती, म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा.

तर तिकडे बऱ्याच गावांच्या पब्लिक लायब्ररीत पुस्तकासारखा म्युझियमचा पास मिळतो. खरंच सांगते, पुस्तकासारखाच. माझी लेक बॉस्टनजवळच्या एका छोट्या गावात राहते, तिथल्या लायब्ररीच्या वेबसाइटवर जायचं, म्युझियमची यादी असते, तारखा असतात, रिकामी तारीख दिसली की आपल्या कार्डाचा नंबर टाकून बुक करायची. काही पास घरीच प्रिंट होतात किंवा फोनवर येतात, काही मात्र लायब्ररीच्या काउंटरवरून हातात घ्यायचे आणि वापरून झाले की परत नेऊन द्यायचे. कार्डाला पैसे पडत नाहीत, गावात राहत असल्याचा पुरावा दाखवला की झालं. आपण व्हिजिटर म्हणून गेलेलो, आपला कसला पुरावा, त्यामुळे लेकीचं कार्ड, लेकीच्या नावाने पास आणि मागे आमची वरात.

मला पहिला प्रश्न हाच पडला की हे परवडतं कुणाला? जावई म्हणाले लायब्ररी म्युझियमची वर्षाची मेंबरशिप विकत घेते, लायब्ररींसाठी तशी वेगळी मेंबरशिपच असते, आणि त्याचे पैसे बरेचदा 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी' नावाची गावातली स्वयंसेवक मंडळी जमवतात. म्हणजे काय करतात तर लोकांनी दिलेली जुनी पुस्तकं तळघरात मांडून विकतात. मी त्या सेलला जाऊन आले, माझ्याच वयाच्या दोन बायका टेबल मांडून बसल्या होत्या, एक विणत होती. मी एक डॉलरला पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक घेतलं. त्या डॉलरचा कितवा तरी हिस्सा कुणाच्या तरी नातवाला मासे दाखवायला गेला असेल.

आता 'फुकट' म्हणताना जरा जपून. सगळे पास फुकट नसतात. एका पासावर साधारण चार माणसं जातात, पण काही ठिकाणी पूर्ण माफ, काही ठिकाणी अर्धं तिकीट, काही ठिकाणी माणशी ठरावीक डॉलर द्यायचे, आणि हे गावागणिक बदलतं, शेजारच्या गावाच्या लायब्ररीत जो पास आहे तो आपल्याकडे असेलच असं नाही. मत्स्यालयाच्या पासावर नुसती सवलत असते, तिथे आम्हाला पैसे मोजावेच लागले. आणि एक गंमत, मुलांचं तिकीट कित्येकदा नसतंच. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियममध्ये १७ वर्षांपर्यंत फुकट, सेलमच्या पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये १६ वर्षांपर्यंत फुकट. म्हणजे फटका बसतो तो मोठ्यांना, आणि मोठ्या म्युझियममध्ये मोठ्यांचं तिकीट हल्ली पंचवीस-तीस डॉलरच्या घरात असतं. आई, बाप, आजी, आजोबा असे चार मोठे दारात उभे राहिले की शंभर डॉलर गेलेच म्हणायचे. ते आजोबा घाबरले त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

पण पैसे वाचले एवढंच सांगायला मी लिहीत नाहीये. पासामुळे आमचं म्युझियम बघणंच बदललं, ते सांगायचंय.

पहिल्या खेपेला आम्ही एका म्युझियमला पूर्ण तिकीट काढून गेलो होतो, नाव नाही सांगत, म्युझियमचा त्यात काही दोष नव्हता. आमचे हे आत शिरल्यापासून नकाशा हातात घेऊन. "एवढे पैसे भरलेत, काही सुटता कामा नये." पहिला मजला झाला, दुसरा झाला, नात तेव्हा अडीच वर्षांची, ती एका दालनात चक्क जमिनीवर आडवी झाली आणि झोपली, नातू पाणी पाहिजे म्हणून रडायला लागला, माझे गुडघे बोलायला लागले, आणि हे म्हणतायत "अजून दोन मजले राहिलेत". लग्नाच्या पंगतीत पोट फुटायला आलं तरी ताटातलं संपवायचंच, तसलं ते बघणं. पाच तास फिरलो आणि घरी आल्यावर काय बघितलं विचाराल तर नातवाला फक्त तिथली लिफ्ट आठवत होती. मला बाकडी.

दुसऱ्या खेपेला गार्डनर म्युझियमला पासावर गेलो. ठरवून गेलो नव्हतो, शनिवारचा पास कुणीतरी रद्द केलेला लेकीला दिसला आणि तिने पटकन घेतला. एका श्रीमंत बाईने बांधलेला महालच आहे तो, १९०३ साली लोकांसाठी उघडला, मधे काचेच्या छताखाली बाग आणि भोवती तीन मजले दालनं. तिने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की मी जिथे जे लावलंय ते तिथेच राहायला पाहिजे, हलवायचं नाही. आणि १९९० साली १८ मार्चच्या पहाटे दोन चोर पोलिसांचे कपडे घालून आले, रखवालदारांना बांधलं आणि १३ वस्तू घेऊन गेले, त्यात रेम्ब्राँ, व्हर्मीर असल्या थोरामोठ्यांची चित्रं. आजतागायत सापडलेली नाहीत, दहा मिलियन डॉलरचं बक्षीस लावलंय तरी. जी चित्रं चौकटीतून कापून नेली त्यांच्या रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर तशाच टांगलेल्या आहेत.

आमचा नातू सात वर्षांचा, तो त्या रिकाम्या चौकटीसमोर जो थांबला तो हलेचना. मागचं भिंतीचं कापड दिसतं नुसतं. "आजी, चोर परत आणून देणार आहेत म्हणून जागा ठेवलीय का?" मी म्हटलं तसंच समज. मग चोरांनी सुरी कुठली वापरली असेल, पोलिसांचे कपडे कुठे मिळतात, खरे पोलीस तेव्हा काय करत होते, पाऊण तास हेच चाललं होतं आणि मागून कुणीही "चला, अजून वरचा मजला राहिलाय" म्हणालं नाही, आमचे हेसुद्धा नाही. वरचा मजला राहिलाच. नात कंटाळली तसे आम्ही तासाभरात बाहेर पडलो, बाहेर बाकावर बसून डबा खाल्ला आणि घरी. तिकीट काढलं असतं तर हा आमचा एक तास गुन्हा ठरला असता.

तिथे अजून एक मजा आहे, ज्या बाईचं नाव इझाबेला तिला जन्मभर फुकट प्रवेश. नात म्हणाली माझं नाव बदला.

सेलमचंही सांगते. बॉस्टनहून लोकलने अर्ध्या तासावर. इथली जहाजं पूर्वी भारताशी, चीनशी व्यापार करायची, तिथल्या जहाजांच्या कप्तानांनी १७९९ साली संस्था काढून देशोदेशीच्या वस्तू जमवायला सुरुवात केली, त्यातून पुढे हे पीबॉडी एसेक्स म्युझियम झालं. आत चीनच्या एका खेड्यातलं दोनशे वर्षांचं जुनं घर आहे, यिन यू तांग नाव त्याचं, पूर्ण लाकूड न् लाकूड सोडवून आणून परत उभं केलेलं, २००३ पासून बघायला मिळतं. त्यासाठी तेव्हा वेगळं तिकीट पडलं, पासात धरलं नाही, पण ते पैसे मी खुशीने दिले. आत पाऊल टाकलं आणि मला माहेरचा वाडाच आठवला, मधे आभाळाला उघडा चौक, चौकात माशांचे दगडी हौद, भोवती दोन मजले खोल्या. त्या हुआंग नावाच्या कुटुंबाच्या आठ पिढ्या तिथे नांदल्या. मी नातीला सांगत बसले की इथे तुळस असती की झालं, आणि तिने मला विचारलं तुमच्या वाड्यात मासे का नव्हते. याला काय उत्तर द्यायचं?

त्याच म्युझियममध्ये हर्विट्झ नावाच्या दांपत्याने जमवलेला आपल्याकडच्या आधुनिक चित्रांचा मोठा संग्रह आहे. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं चित्र दिसलं तेव्हा मी नातवाला म्हटलं हे आपल्या पंढरपुरात जन्मलेले. त्याला पंढरपूर माहीत नाही, मग विठोबापासून सुरुवात करावी लागली आणि सगळी गोष्ट मी तिथेच उभ्याने सांगितली, सिक्युरिटीवाला बघत होता. आठ हजार मैलांवर जाऊन पोराला पंढरपूर सांगायची वेळ आली, घरी सांगायला कधी सुचलं नव्हतं.

आता आमचा घोटाळाही सांगते, नाहीतर म्हणाल आजी नुसतं गुणगान गातायत. एक पास परत करायचा होता, प्लॅस्टिकच्या पाकिटातला, त्याच दिवशी लायब्ररी बंद व्हायच्या आत. तो राहिला नातीच्या स्ट्रोलरच्या, म्हणजे बाबागाडीच्या, खालच्या जाळीत, ओल्या मोज्यांच्या खाली. रात्री अकराला लेकीला आठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच पासावर दुसऱ्या कुणाचं तरी बुकिंग, ती माणसं सकाळी काउंटरवर येणार आणि पास नाही. जावई म्हणाले आत्ता जाऊन बाहेरच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पुस्तकं परत टाकायच्या पेटीत, टाकतो, तर पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलेलं, ड्रॉपबॉक्समध्ये टाकू नये, काउंटरवरच द्यावा. शेवटी बिचारे सकाळी ऑफिसला उशीर करून लायब्ररीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. तिथे एक बाई दोन पोरांना घेऊन आधीच थांबलेली, तिचाच तो पास. दंड झाला नाही, पण मला ती पोरं अजून आठवतात, रेनकोट घालून तयार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की प्रिंटचा पास मिळत असेल तर तोच घ्यावा. आणि जायचं रद्द झालं तर बुकिंगही आठवणीने रद्द करावं, आम्हाला गार्डनरचा पास कुणाच्या तरी तसल्या शहाणपणामुळेच मिळाला होता.

ही सोय फक्त बॉस्टनकडे आहे असं नाही. न्यूयॉर्कमध्ये तिथल्या तिन्ही लायब्ररी संस्थांनी मिळून २०१८ साली 'कल्चर पास' सुरू केला, तेरा वर्षांवरच्या कार्डवाल्याला मिळतो आणि एका म्युझियमला वर्षातून एकदा जाता येतं. कॅनडात टोरंटोलाही लायब्ररीकडून पास मिळतात. तेव्हा मुलं कुठेही असोत, गावाच्या लायब्ररीत विचारायला लाजू नका. मी विचारलं तेव्हा माझं इंग्रजी ऐकून काउंटरवरच्या बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं, पण दाखवलं.

एक मात्र आहे, सुट्टीचे शनिवार-रविवार चटकन संपतात. पण आपण आजी-आजोबा, आपल्याला मंगळवार काय नि गुरुवार काय. पोरांना शाळा असेल तर आपण दोघंच जावं. आम्ही दोघं एकदा असे गेलो, लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दोघंच कुठल्या म्युझियमात, आणि यांनी नकाशा घेतलाच नाही.

आपल्याकडे हे होईल का, असं कुणी विचारेल. आपल्याकडे तिकीट ही मोठी अडचण नाहीच म्हणा. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून उभं आहे, पुण्यात केळकर संग्रहालय आहे, तिथलं तिकीट बघून कुणाचे डोळे पांढरे व्हायचे नाहीत. आपल्याकडे अडचण ही की तिकडे जावं असं कुणाच्या मनातच येत नाही, पाहुणे आले तरच जातो. पण वाचनालयात पुस्तक बदलायला गेलेल्या पोराला काउंटरवरच्या काकांनी पुस्तकाबरोबर "हा घे पास, रविवारी आईबाबांना घेऊन जा" म्हटलं तर ते पोर आईबापांच्या मागे लागेलच. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी हे बोलून बघितलं. आधी हसले, मग अध्यक्ष म्हणाले लेखी द्या. लेखी दिलंय, बघू.

त्या आजोबांना माझा निरोप कळवा. पुढच्या वेळी गेलात की जेट लॅग उतरला की आधी लायब्ररी गाठा, मुलाचं कार्ड नसेल तर त्याला काढायला लावा. आणि पास काउंटरवरच परत द्या हो, ड्रॉपबॉक्समध्ये टाकू नका.

आपली,
एक नियमित वाचक आजी