मंगळवारी सकाळी अकरा वाजता

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर ‘अजून बघतोय’ म्हणालो, ते खोटं होतं. विसार देऊन तीन आठवडे झालेत. बाबा, इथे तुम्ही चष्मा काढून कागद बाजूला ठेवणार आणि आई म्हणणार, आधी पुरतं वाचा तरी. तिचं ऐका.

तुम्हाला आवडलेलं शहराबाहेरचं घर आम्ही घेतलं नाही. समोर मैदान, मागे अंगण, तुमची आरामखुर्ची कुठे ठेवायची तेही ठरलं होतं. त्या दिवशी तुम्ही अंगण पावलांनी मोजत होतात, ते मी बघितलं होतं. म्हणूनच इतके दिवस जीभ रेटली नाही. घेतलंय ते त्याहून एक खोली लहान आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जुन्या, गजबजलेल्या वस्तीत आहे. तुमची खोली मात्र त्यात आहेच. ती धरूनच घर शोधलं.

आता कारणं सांगतो. तुमची सून म्हणते, एक कारण सांगितलं तर पटतं, दहा सांगितली तर संशय येतो. तरी सांगणारच.

घर बघायला आपण नेहमी रविवारी जातो. रविवारी सगळ्याच गल्ल्या शहाण्या असतात. मी या वेळी दोन्ही जागा वेगवेगळ्या वेळी पाहिल्या: सोमवारी सकाळी ऑफिसच्या गर्दीत, रात्री अकराला, एकदा धो धो पावसात आणि एकदा रजा टाकून मंगळवारी सकाळी अकरा वाजता. ही शेवटची वेळ माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती, कारण त्या वेळी मी घरात नसतोच. घरात असाल तुम्ही दोघं. तिकडे मंगळवारी अकरा वाजता काय होतं, सांगू? फाटकावरचा पहारेकरी आणि एक झोपलेलं कुत्रं. मी पाऊण तास बाकावर बसलो. चार गाड्या आत गेल्या, सहा बाहेर आल्या, सगळ्यांच्या काचा वर. पायी चालणारा एकही माणूस दिसला नाही. शांतता होती, बाबा, तुम्ही म्हणाला होतात तशीच. पण ती आमच्यासारख्या दिवसभर बोलून दमलेल्यांना हवीशी वाटणारी शांतता. आई तिथे कुणाशी बोलली असती?

आई, एक विचारू का? जुन्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर सोडून आपण मोठ्या घरात गेलो, तेव्हा मी दुसरीत होतो. माझ्या शाळेसाठी बाबांनी ते घर घेतलं, त्यात त्यांचं काही चुकलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण त्या वर्षी तू मला शाळेत सोडलंस की तासभर फाटकापाशीच उभी असायचीस. वर्गाच्या खिडकीतून तुझा पदर दिसायचा. मला वाटायचं माझ्यासाठी थांबते, मी रडेन म्हणून. दुसरीतल्या मुलाला असंच वाटणार. त्या मंगळवारी रिकाम्या बाकावर बसलो आणि एकदम उमगलं, की तू बाकीच्या आयांशी चार शब्द बोलायला थांबत होतीस. घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत बोलायला कुणी नव्हतं. आणि हे तू आजवर एकदाही बोलली नाहीस. उत्तर नको देऊस. मी तिकडचं घर नको म्हणालो ते तिथेच, त्या बाकावर. बाकीचा हिशेब नंतरचा आहे.

हिशेब बाबांसाठी. तपासून घ्या. तिकडून माझं ऑफिस एका बाजूला ८० मिनिटं, इथून २५. म्हणजे रोजचे ११० मिनिटं वाचतात. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर ४४० तास, म्हणजे १८ दिवस ८ तास. एवढे दिवस मी वर्षाला नुसता स्टिअरिंग धरून बसलो असतो आणि घरी आलो असतो तो तुम्ही जेवून झोपलेले. छोटीला उचलून घ्यायचं वय निघून चाललंय, तेही आहेच.

आणि फेब्रुवारीतली ती रात्र. तिच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरलंय, म्हणून एवढंच सांगतो, की मी दोन्ही घरांपासून मोठ्या दवाखान्यापर्यंत गाडी चालवून बघितली. इथून संध्याकाळच्या गर्दीत १६ मिनिटं लागली, रात्री ९ मिनिटं. तिकडून संध्याकाळी ५० आणि मध्ये रेल्वेचं फाटक. मेंदूत गुठळी अडकली तर ती विरघळवणारं औषध त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. तपासण्यांना वेळ लागतो तो वेगळाच. असं काही होणार नाहीये. पण फाटक बंद आणि मी स्टिअरिंगवर हात आपटतोय, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना.

तुमच्या मैदानाचं वाईट वाटतंय मलाही. पण शहराचा विकास आराखडा काढून बघितला. घर घेणाऱ्या प्रत्येकाने तो बघायला हवा, आणि बहुतेक जण नळ आणि फरशीच बघत बसतात. त्या मैदानावरून ३० मीटर रुंदीचा रस्ता आखलाय. उद्या होईल की दहा वर्षांनी, ते कागद सांगत नाही. पण तुमच्या आरामखुर्चीसमोरून ट्रक गेले असते. शिवाय त्या भागातल्या कुंपणाच्या भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची एक सरळ रेघ आहे. रंग नवा होता तरी ती खालून दिसत होती. पावसात गेलो तेव्हा कळलं कशाची ते.

आता या वस्तीबद्दल. कार्लोस मोरेनो नावाचे एक प्राध्यापक २०१६ पासून ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना मांडताहेत. रोज लागणारं सगळं घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर किंवा सायकलीवर असावं, असं त्यांचं म्हणणं. चांगलंच आहे, पण पंधरा मिनिटं कुणाची? सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरायची जुनी पद्धत आहे. त्या चालीने पंधरा मिनिटांत १,०८० मीटर होतात. आई, मागच्या खेपेला तू आमच्या पॅसेजमधून येत होतीस आणि मी फोनमध्ये डोकं घालून बसलोय म्हणून रागावलीस, आठवतं? मी वेळ लावली होती. ८ मीटरला १० सेकंद. म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर आणि पंधरा मिनिटांत ७२० मीटर. चोरून मोजलं, त्याबद्दल माफ कर. सांगून मोजलं असतं तर तू मुद्दाम भरभर चालली असतीस.

म्हणून नकाशावर घराभोवती ७२० मीटरचं नाही, ५०० मीटरचं वर्तुळ काढलं, परत यायची दमछाकही धरून. त्यात औषधांचं दुकान, भाजी, डॉक्टर, बँक आणि वाचनालय आहे. वाचनालय पहिल्या मजल्यावर आहे, पण जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. रस्ता एकच ओलांडावा लागतो, १४ मीटरचा. तुला साडेसतरा सेकंद लागतील, सिग्नल २२ सेकंदांचा आहे. आणि मध्ये दुभाजक आहे, तिथे थांबलीस तरी चालेल. घाई करायची नाही. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

लिफ्ट आहे, वीज गेली तरी चालते. मी स्वतः मेन स्विच पाडायला लावून बघितली, सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडे बघतच राहिले. खालच्या तीन पायऱ्यांशेजारी उतार आहे पण फार उभा आहे. १ फूट चढायला १२ फूट लांबी हवी, इथे जेमतेम ५ आहे. तो बदलून द्यायचं लेखी घेतलंय. बदलेपर्यंत वॉकर घेऊन त्यावरून जायचं नाही. बाबा, ‘काही होत नाही’ हे तुमचं वाक्य या उताराला लागू नाही.

आवाज आहे. लपवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी घालून दिलेली मर्यादा अशी, की रस्त्याच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा. फोनवर मोजलं तर रात्री अकराला रस्त्याकडच्या खिडकीत ५८ आला आणि मागच्या बाजूच्या खिडकीत ४३. फोनचं मोजमाप तंतोतंत नसतं, पण दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, तेव्हा फरक कळायला तेवढं पुरे. मागची खोली तुमची. आम्ही रस्त्याकडे झोपू, आम्हाला ट्रक गेला काय आणि विमान गेलं काय. दिवसा मात्र कानातलं मशीन लावून बाहेर पडलात तर गाड्यांचा आवाजही ते मोठा करणार. त्या डॉक्टरांकडे जाऊन गर्दीतली सेटिंग करून घ्या. या महिन्यात. मी विचारणार आहे.

मागच्या खिडकीत झाड आहे. इमारतीपेक्षा जुनं, फांदी गजांपर्यंत आलेली. आई, तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा समोर भिंत असलेली खोली मिळाली होती आणि तू पाच दिवस तोंड फिरवून पडली होतीस. पुढे कळलं, की रॉजर उलरिच नावाच्या एका संशोधकाने १९८४ साली नेमकं हेच छापलं होतं. पित्ताशयाचंच ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. म्हणजे तू कुरकुर करत नव्हतीस. तेव्हा मीच तुला म्हणालो होतो, भिंत काय नि झाड काय, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. ते मागे घेतो.

कुंड्यांना गॅलरीत सकाळचं ऊन मिळेल. खोली पूर्वेकडची घेतली ती त्यासाठीच. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि झोपायच्या वेळी खोलीत धग सोडत बसते. सगळ्या कुंड्या मावणार नाहीत. दोन-तीन तुमच्या आताच्या घरीच ठेव, कारण ते घर आपण विकत नाही आहोत. कुलूपही लावायचं नाही. आधी दोन महिने येऊन राहा. नाही करमलं तर मी स्वतः सोडायला येईन, तोंड वाकडं न करता. तुमच्या ओळखीचं प्रत्येक माणूस तिथे आहे हे मी विसरलेलो नाही. नवीन माणसं या वयात जोडणं काय असतं, ते मला फुकटात बोलून दाखवायचा अधिकार नाही.

एक सांगायचं राहिलं. घराच्या कोपऱ्यावर शाळा आहे. आमच्या ओळखीत चौघांनी याच कारणासाठी ही इमारत नाकारली, घंटा आणि पोरांचा कालवा नको म्हणून. मी मंगळवारी तिथे उभा होतो तेव्हा मधली सुट्टी झाली. फाटकाबाहेर पारासारखा एक लांब कट्टा आहे, सावलीत. त्यावर पाच-सहा जणी बसल्या होत्या, कुणी आजी, कुणी आई. एकीने मला विचारलं, तुमचं मूल कुठल्या वर्गात? मी म्हटलं, अजून यायचंय. छोटीबद्दलच म्हणालो, पण आई, खरं सांगू, डोळ्यांपुढे तू होतीस.

बाबा, तुम्ही बत्तीस वर्षं घंटेवर उठलात-बसलात. घंटा झाली की सवयीने उठून उभे राहू नका, गुडघ्याला झटका बसतो. बसल्या बसल्या पोरांना ओरडलात तरी चालेल.

पुढच्या मंगळवारची तिकिटं काढतोय. आधी घर बघायला वर यायचं नाही. सरळ कोपऱ्यावर जाऊ, अकराला. मग तुम्ही मला हवं ते बोला.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत नको, पर्समध्ये ठेव. गुडघ्याचा पट्टा घरी विसरू नकोस. आणि मोरीपुढचं ते पायपुसणं आज, पत्र वाचून झाल्याबरोबर काढून टाक. मी आल्यावर बघेन.