समर चेकअपच्या नावाखाली गरम टायरची हवा सोडली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब

विषय: उन्हाळी तपासणीत चुकीचं काम, टायर फुटला आणि ॲव्हरेज पडलं

साहेब नमस्कार,

आमच्या सगळ्या ट्रकांचा मेंटेनन्स करार तुमच्याकडे आहे. उन्हाळा लागताना तुमची माणसं येऊन समर चेकअप करून गेली, प्रत्येक गाडीचा फॉर्म दिला, फॉर्मवर सगळीकडे ओके. त्यानंतर एका लोड गाडीचा मागचा टायर चालत्या रस्त्यावर फुटला, सालटं उडाली ती मडगार्ड आणि हवेचा पाइप घेऊनच गेली, नशीब की मागे कोणी बाइकवाला नव्हता. कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे यंदा ऊन फार आहे आणि तुमचे ड्रायव्हर गाडी पळवतात. अहो ऊन आहे म्हणूनच तर चेकअप करून घेतला ना, नाहीतर कशाला पैसे मोजले असते?

आता झालं काय ते सांगतो. तुमचा माणूस भर दुपारी आला, गाड्या नुकत्याच लांबून येऊन उभ्या राहिलेल्या, टायरला हात लावला तर चटका बसत होता. त्याने हवा मोजायचा गेज लावला, काटा १२६ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप). कंपनीचा आकडा ११०, म्हणून त्या तपासणीवाल्या साहेबांनी वॉल्व्ह दाबून हवा सोडली आणि ११० करून फॉर्मवर लिहून टाकलं. तो ११० आकडा थंड टायरचा असतो हो, गाडी तीन-चार तास सावलीत उभी असताना मोजायचा! पळून गरम झाल्यावर १५-१६ ने वाढणारच, टायर बनवणाऱ्यांनी ते धरूनच ठेवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही स्वतः मोजलं तर तेच टायर ९६ वर. म्हणजे हवा कमी, टायर जास्त दबतो, जास्त दबला की आणखी तापतो, वर लोड आणि डांबर तापलेलं. फुटणार नाही तर काय होईल.

आणि मागे शेजारीशेजारी दोन टायर असतात त्या जोडटायरातला आतला टायर, त्याला तर कोणी हातच लावलेला नाही. वॉल्व्हच्या टोपीवर चिखल वाळून दगड झालाय, एक ओरखडा नाही, आणि फॉर्मवर आतला टायर ११०! आम्ही टोपी काढून मोजलं, ८४ निघाले. एवढ्या कमी हवेवर पळालेला टायर नुसती हवा भरून परत रस्त्यावर सोडायचा नसतो, आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात आणि हवा भरतानाच बाजूने फाटतो, माणूस शेजारी उभा असेल तर संपलंच. तो खोलून आतून बघायला लागतो हे मी तुम्हाला सांगायचं का? फोटो काढून ठेवलेत, टोपीचा पण आणि गेजचा पण.

डिझेलचं बोलू. हवा १० पीएसआय कमी झाली की अर्धा ते एक टक्का ॲव्हरेज जातं असं साधारण धरतात, पण आमचं पडलं ते त्याहून जास्त, मग ड्रायव्हर म्हणाला की पंखा सारखा घोंगावतोय. बघितलं तर तुमच्या मेकॅनिकने फॅन क्लच, म्हणजे पंखा इंजिनला जोडणारा-सोडणारा भाग, बोल्ट मारून डायरेक्टच करून टाकलाय, का तर गाडी गरम होऊ नये. पंखा गरजेपुरताच जोरात फिरायला पाहिजे, हायवेला समोरून वारा मिळतो तेव्हा तो मोकळा सुटतो. चोवीस तास इंजिनला बांधून ठेवला तर ती ताकद डिझेलमधूनच जाणार ना.

बरं गाडी गरम का होत होती? कारण रेडिएटर समोरून प्रेशर पाइपने धुतला. धूळ इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधे जाऊन बसली आणि जाळी वाकली ती वेगळीच. हवा समोरून आत येते, मग धुवायचं इंजिनच्या बाजूने बाहेर, तेही हलक्या प्रेशरने. कुलंट कमी होतं तिथे साधं पाणी ओतलंय. अर्धं कुलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी असेल तर रेडिएटरच्या झाकणाने वाढणारा दाब न धरताही ते १०७ डिग्रीच्या आसपास उकळतं, नुसतं पाणी १०० ला, आणि नळाच्या पाण्याचा क्षार आत बसतो तो तुम्ही काढून देणार आहात का?

एसी लावून गाडी उभी ठेवतात म्हणून डिझेल जळतं असंही तुमच्या माणसाने सुनावलं. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला तीनेक लिटर पितं हे खरंय, मान्य. पण तुम्हीच बसवलेल्या ट्रॅकरचा रिपोर्ट काढा, उभं राहण्याचा वेळ आधीइतकाच आहे. आणि तापलेल्या केबिनमध्ये ड्रायव्हरला एसी बंद कर म्हणून मी सांगणार नाही, डुलकी लागली तर कोण जबाबदार?

मला पाहिजे ते असं. सगळ्या गाड्यांचे टायर, आतले धरून, थंड असताना परत मोजा आणि ८४ वर निघालेले टायर खोलून दाखवा. फॅन क्लच पूर्ववत करा, कुलंट काढून योग्य मिक्स भरा. फुटलेल्या टायरची, मडगार्डची आणि पाइपची भरपाई द्या. आणि न मोजलेल्या टायरपुढे ११० कोणी लिहिलं ते लेखी कळवा, ड्रायव्हरवर ढकलू नका. हे होईपर्यंत समर चेकअपचं बिल मी पास करणार नाही.

माणूस पाठवाल तो पहाटे, गाड्या सुटायच्या आधी पाठवा. दुपारी आला तर टायरला हात लावू देणार नाही.

आपला,
करारातला एक ट्रकमालक