22 मतं आणि आठवीची पोर्टेबल

माननीय प्रीमियर (मुख्यमंत्री), ब्रिटिश कोलंबिया प्रांत, कॅनडा
यांस सविनय नमस्कार.

मी सरे शहरातल्या गिल्डफोर्ड भागात राहते, मूळची साताऱ्याची. मतदारसंघ सरे-गिल्डफोर्ड. हे नाव आपल्याला सांगायला नको, आपलं सरकार याच नावावर उभं आहे. पत्र मराठीत लिहिते, कारण या प्रांतातल्या मराठी घरांनी ते वाचावं, आणि मनातलं सगळं मला याच भाषेत सांगता येतं.

परवा माझ्या मुलीचं हायस्कूल सुरू झालं. इथे ते आठवीपासून असतं. वेळापत्रक हातात आलं, त्यात तीन तासांपुढे खोलीच्या जागी ‘पी’ आणि आकडा. ती काही बोलली नाही. कपाटातून पावसाळी जाकीट काढलं आणि बाही पुरते का ते बघू लागली. पी म्हणजे काय हे तिला कुणी समजावायला लागत नाही. पी म्हणजे पोर्टेबल. शाळेच्या मैदानात किंवा पार्किंगमध्ये आणून ठेवलेली सुटी खोली. मुतारीला जायचं तर पावसातून मुख्य इमारतीत पळायचं. शाळेचं नाव लिहीत नाही, शिक्षक बिचारे आहे त्या जागेत जीव तोडून शिकवतात.

ही मुलगी 2017 च्या सप्टेंबरमध्ये बालवर्गात गेली होती. ते वर्ष लक्षात ठेवा.

2017 च्या निवडणुकीत आपल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे तेव्हाचे नेते जॉन हॉर्गन यांनी सरेला वचन दिलं होतं की चार वर्षांत इथल्या सगळ्या पोर्टेबल हलवू. तेव्हा त्या पावणेतीनशे-तीनशेच्या घरात होत्या. मी तेव्हा नागरिक नव्हते, मत नव्हतं, पण घरोघरी येणाऱ्या कार्यकर्त्यांचं ऐकत होते. दुसरं वचन होतं पोर्ट मान पुलाचा टोल काढण्याचं. तो मात्र 1 सप्टेंबर 2017 ला खरोखर निघाला. मी रोज त्या पुलावरून कामाला जायची. जाताना 3.15 डॉलर, येताना 3.15, महिन्याला सव्वाशेच्या वर. ते पैसे वाचले तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, ही माणसं शब्दाची पक्की आहेत, पोर्टेबलही जातील.

चार वर्षं 2021 ला संपली. मुलगी तेव्हा चौथीत होती, पोर्टेबलमध्ये. सहावीत पुन्हा पोर्टेबल. आता आठवीत पोर्टेबल. आणि सरेमध्ये त्यांची संख्या साडेतीनशेच्या वर गेली आहे. हॉर्गन आज हयात नाहीत, नोव्हेंबर 2024 मध्ये गेले, त्यांच्याविषयी वाईट लिहायला माझा हात धजत नाही. पण वचन त्यांनी पक्षाच्या वतीने दिलं होतं. पक्ष आहे, खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवर आपण आहात.

आता मतांचं बोलू.

19 ऑक्टोबर 2024. त्या दिवशी कोसळलेला पाऊस इथल्या कुणीच विसरलेलं नाही, रस्ते पाण्याखाली गेले होते. मी रात्रपाळी करून आले होते. झोपले नाही, तशीच गेले आणि आपल्या पक्षाचे गॅरी बेग यांना मत दिलं. पहिल्या रात्री कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे होनवीर सिंग रंधावा शंभराच्या आसपास मतांनी पुढे होते. टपाली मतं मोजता मोजता ती आघाडी 12 वर आली. 28 ऑक्टोबरला पारडं फिरलं, बेग 27 मतांनी पुढे. मग कळलं की आमच्या मतदारसंघातली 14 मतं नोंदवायचीच राहिली होती, आणि तिकडे प्रिन्स जॉर्ज-मॅकेन्झीत 861 मतांची अख्खी पेटी मोजायची राहिली होती. शेवटी न्यायाधीशांपुढे फेरमोजणी झाली. 8 नोव्हेंबरला निकाल आला: 22.

सतरा हजारांहून जास्त मतं या दोघांत वाटली गेली आणि फरक 22 चा. 93 जागांच्या सभागृहात बहुमताला 47 लागतात, आपल्याला बरोबर 47 मिळाल्या. सत्तेचाळिसावी आमची. त्या 22 मध्ये एक माझं, एक माझ्या नवऱ्याचं, एक खालच्या मजल्यावरच्या पंजाबी मावशींचं. त्यांच्या दोन नातवंडांचे वर्गही पोर्टेबलमध्येच भरतात.

सभापती राज चौहान आपल्याच पक्षाचे. मतं समसमान पडल्याशिवाय ते मतदान करत नाहीत, म्हणजे उरले 46 विरुद्ध 46. मे 2025 मध्ये आपण विधेयक 15 आणलंत. सांगितलंत काय, तर शाळा आणि रुग्णालयं लवकर बांधता यावीत म्हणून. आदिवासी समाजाचे नेते विरोध करत होते, नगरपालिका विरोध करत होत्या. मतं समसमान पडली आणि सभापतींच्या एका मताने ते मंजूर झालं. मी ती बातमी कामाच्या ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि मला वाटलं, चला, आमच्या 22 मतांचं काहीतरी झालं. शाळेच्या नावावर कायदा झाला, आता शाळा होईल. सप्टेंबर आला. मुलीच्या हातात पी.

तुम्हाला या मतदारसंघाची थोडी ओळख करून देते, कारण तुमच्या लोकांना तो फक्त निवडणुकीच्या रात्री आठवतो. सरे-गिल्डफोर्ड या नावाने तो 2017 मध्ये पहिल्यांदा लढवला गेला. त्याआधी इथला बराच भाग सरे-टायनहेडमध्ये होता. तिथून 2001 ते 2013 डेव्ह हेअर निवडून येत. त्यांचे वडील तारा सिंग हेअर, पंजाबी वृत्तपत्राचे संपादक, निर्भीडपणे लिहीत म्हणून नोव्हेंबर 1998 मध्ये याच सरेत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वडील असे गेल्यावर तीनच वर्षांत मुलगा मतं मागायला दारोदार फिरला, याची मला आजही कमाल वाटते. 2013 ला लिबरल पक्षाचे अमरिक विर्क आले, मंत्री झाले. 2017 ला बेग यांनी त्यांना हरवलं. दोघेही माजी पोलीस अधिकारी. विर्क मंत्री होते तरी लोकांनी त्यांना घरी बसवलं, कारण टोल होता आणि पोर्टेबल होत्या. हे लक्षात घ्या. हा मतदारसंघ कुणाच्या बापजाद्यांची इस्टेट नाही.

आणि 2024 चा धडा तर अगदी शेजारचा आहे. सरे नॉर्थमधून रचना सिंग हरल्या. त्या तुमच्या शिक्षणमंत्री होत्या! ज्या शहरात सगळ्यात जास्त मुलं पोर्टेबलमध्ये बसतात, त्याच शहरात शिक्षणमंत्री पडल्या. याचा अर्थ लावायला तुम्हाला समिती नेमायची गरज आहे का?

मला कधीकधी वाटतं की दोष एका पक्षाचा नाही. 2001 मध्ये लिबरल पक्षाने 79 पैकी 77 जागा घेतल्या, विरोधात दोनच महिला आमदार उरल्या, तेव्हाही सरेतल्या शाळा अपुऱ्याच होत्या. प्रचंड बहुमत असलं की आमची गरज नसते. काठावरचं बहुमत असलं की सरकार टिकवण्यातच वेळ जातो. लोकांनी मतदानाची पद्धत बदलायचा प्रयत्न केला. 2005 च्या सार्वमतात 57 टक्क्यांहून जास्त लोक बदलाच्या बाजूने होते, पण अट 60 ची घातली होती, म्हणून हरले. 22 मतांनी आमदार होतो आणि 57 टक्क्यांनी कायदा होत नाही. हे गणित मला माझ्या मुलीला समजावता आलं नाही.

आमच्या भारतीय लोकांना या प्रांतात 1907 मध्ये मतदान करायला बंदी केली. चाळीस वर्षं ते लाकूड कापत राहिले, कर भरत राहिले, मत नव्हतं. 1947 ला हक्क मिळाला. माझा हक्क मला त्या माणसांमुळे मिळाला, म्हणून मी पावसात, न झोपता, जाऊन मत दिलं. आणि तुम्ही त्या मताचं मोल काय केलंत? आठ वर्षांत एका मुलीची पोर्टेबल तुमच्याने हलली नाही. सरेची वस्ती 2021 च्या जनगणनेतच 5 लाख 68 हजार होती. माणसं अचानक आभाळातून पडली नाहीत. घरांचे परवाने दिले, टॉवर उभे राहिले, तेव्हा त्यांच्यात मुलं राहायला येणार हे कुणालाच कसं कळलं नाही? आता तर काही हायस्कूलांमध्ये दिवस लांबवून मुलांच्या पाळ्या लावल्या आहेत. पाळी काय असते ते मला माहीत आहे, मी रात्रपाळी करते. तेरा वर्षांच्या पोरीला ती कशाला?

सहावीच्या हिवाळ्यात मुलीला खोकला लागला तो दोन महिने गेला नाही. ओले बूट, हीटरची घरघर, दार उघडलं की गार वारा. मी सकाळी घरी यायची, ती निघालेली असायची, डब्यातली पोळी कडक झाली म्हणून परत आलेली असायची. आई म्हणून मी कुठे कमी पडले हे मी रोज स्वतःला विचारते. आज पहिल्यांदा तुम्हाला विचारते आहे.

मागणी मोठी नाही. सरेतल्या प्रत्येक शाळेची यादी काढा. शाळेपुढे पोर्टेबलचा आकडा, त्यापुढे पक्क्या वर्गांची तारीख. महिना आणि वर्ष. मंजूर झालेल्या खोल्या वेगळ्या दाखवा, बांधून झालेल्या वेगळ्या. यादी दर सप्टेंबरला जाहीर करा.

मुलगी 2030 च्या जूनमध्ये बारावी होईल. उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल, ते मी तिलाच वाचायला देणार आहे.

आपली,
सरे-गिल्डफोर्डची एक मतदार