बाबा, तुमचं घड्याळ सैल झालंय

आई-बाबा,

फोनवर तुमच्या डाएटचा विषय काढला की बाबा दुसरंच काहीतरी बोलायला लागतात आणि आई "बरं, बघू" म्हणून फोन ठेवते, म्हणून लिहितेय. एकाने मोठ्याने वाचा नि दुसऱ्याने ऐका, म्हणजे "मी अजून वाचलं नाही" हे ऐकायला नको.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांनी हात वर केला आणि घड्याळ मनगटावरून घसरत पार कोपरापर्यंत गेलं. बाबा खूश, 5 आठवड्यांत 9 किलो! मीही वा वा केलं. पण मग तुम्ही चार्जर आणायला उठलात ना बाबा, दोन्ही हात खुर्चीवर टेकवून अर्धे उठलात, परत बसलात, मग उठलात. ते मी बघितलं. तेव्हापासून तेच डोळ्यासमोर येतंय.

आता तुम्ही म्हणणार, वजन कमी करा म्हणून तूच मागे लागली होतीस. हो, लागले होते, आणि डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण कोणाचा तरी व्हिडिओ बघून दिवसातून एकदाच जेवायचं, त्यातही कार्ब्स एकदम बंद, बाकी दिवसभर पाणी नि काळी कॉफी, हे डॉक्टरांनी नव्हतं सांगितलं.

तुम्हाला आकडे आवडतात ना, मग हे घ्या. पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरलं त्यात चरबी थोडी नि पाणीच जास्त. शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा ठेवतं आणि त्याच्या 1 ग्रॅमला साधारण 3 ग्रॅम पाणी धरून असतं, साठा संपला की ते पाणीही निघून जातं. त्यानंतर चरबी जाते, पण तिच्याबरोबर स्नायू पण जातात. काट्याला काय, त्याला फक्त किलो कळतात. तिशीत गेलेला स्नायू जिम लावून परत येईल, 67 व्या वर्षी गेलेला परत आणणं लई अवघड, आणि वजन परत वाढलं तर येते ती बहुतेक चरबीच. म्हणून मला त्या 9 किलोंपेक्षा खुर्चीची भीती वाटते.

आणि गोळ्या! बाबा, तुम्ही शुगरची गोळी चालू ठेवून जेवण बंद केलंत. गोळीला कुठे माहीत तुम्ही जेवला नाहीत ते, काही गोळ्या आपल्या परीने शुगर पाडतच राहतात. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, हे सगळं त्यातलंच. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा प्रकार तर आणखी बेरकी, त्यांच्यासोबत कार्ब्स बंद केले तर रक्तात आम्ल साचू शकतं आणि मशीनवर शुगर मात्र बरी दिसते, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. तुमच्या दोन गोळ्यांपैकी दुसरी त्यातलीच आहे का ते विचारायचंय. शिवाय खाणं घटलं की बीपी पण उतरतं, त्यात बीपीची गोळी जुन्याच डोसची. परवा बाथरूममधून बाहेर येताना चक्कर आली ती "उन्हामुळे" म्हणे. बाथरूममध्ये कुठलं ऊन बाबा?

हे काही आजचं खूळ नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत लिक्विड प्रोटीनचं असंच वेड आलं होतं, जेवण बंद, फक्त ते प्यायचं. वजनं उतरली आणि मग हृदयाचे ठोके बिघडून माणसं गेली, त्यातल्या काहींना आधी हृदयाचा कसलाच त्रास नव्हता.

आई, तू तर नुसती त्यांना सोबत म्हणून करतेयस. मोबाईलमध्ये मोजून 700 कॅलरी खाल्ल्या म्हणालीस तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, 800 च्या खालचा डाएट डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचा नसतो. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात 36 धडधाकट तरुणांवर उपासमारीचा प्रयोग झाला होता, त्यांना सहा महिने दिवसाला सरासरी 1,570 च्या आसपास कॅलरी मिळायच्या, म्हणजे तुझ्या दुपटीहून जास्त. तरी ती पोरं गारठलेली असायची, चिडचिड करायची, दिवसरात्र खाण्याचाच विचार. तू हल्ली पंखा बंद करून स्वेटर घालून बसतेस आणि बाबांवर खेकसतेस, ते वयामुळे नाही गं. केस पण बघ, ते लगेच नाही गळत, दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजके यायला लागतात.

आता एक सांगते, रागावू नका. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी "ऑफिसात काम आहे, येता येणार नाही" म्हणाले होते ना, तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होते. त्याआधी दोन महिने ज्यूसवर राहून 11 किलो उतरवले होते आणि पित्ताशयात खडे झाले. डॉक्टर म्हणाले वजन फार झपाट्याने उतरलं की लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, त्यात पोटात काही नसल्यामुळे पित्ताशय नीट रिकामंच होत नाही, मग खडे धरतात. रात्री अडीच वाजता उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडून होते, आणि डोक्यात काय, तर आईला कळलं तर ओरडेल. शेवटी पित्ताशयच काढावं लागलं. पोटावरचे ते चार बारीक व्रण त्याचेच, मांजराने ओरबाडलं असं सांगितलं होतं मी. तुम्ही विश्वास कसा ठेवलात काय माहीत, माझ्याकडे मांजर नव्हतंच.

तर या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या आणि काय खाताय ते खरं सांगा. किडनी, पोटॅशियम बघायला लागेल का तेही विचारा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आणि हे वाचून एकदम भरपेट खायलाही बसू नका, कसं वाढवायचं ते डॉक्टर सांगतील. वजन कमी करायला माझी ना नाहीच, महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

अपॉइंटमेंटची वेळ मेसेज करा, मी फोनवर असेन. आणि बाबा, घड्याळाच्या पट्ट्याच्या कड्या काढून आणणार होतात ना, एवढ्यात नको.

तुमची,
मांजर नसलेली लेक