नारळ उभा राहिला, पण पाणी किती लागले?

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की बोअरच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात आणि तळहातावर उभ्या राहिलेल्या नारळाचे फोटो मोबाईलवर, कधी कधी वृत्तपत्रांतही झळकतात. जमिनीखालचे पाणी दाखवणारा पाणाड्या हातात नारळ किंवा फांदी घेऊन शेतात फिरतो आणि जिथे नारळ उभा राहतो किंवा फांदी खाली येते तिथे पाणी आहे म्हणतो. त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागले, एवढीच बातमी असते. ती बहुधा खरीही असते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचलेले. प्रत्येक थराचा खालचा भाग सहसा घट्ट, वरचा भोकाभोकांचा मांजऱ्या, आणि दोन थरांच्या सांध्यात काही ठिकाणी गेरूसारखा तांबडा पट्टा. पाणी मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत साठते. वरच्या झिजलेल्या भागात थोडीफार ओल पुष्कळ ठिकाणी सापडते. म्हणजे डोळे मिटून दगड भिरकावला आणि तो पडेल तिथे बोअर घेतला, तरी काहीतरी पाणी लागण्याचा संभव बराच. नारळवाल्याची तुलना या भिरकावलेल्या दगडाशी व्हायला हवी; ती कुणी करत नाही.

उलट, एका बोअरला धो धो पाणी आणि पंधरा मीटरवरचा दुसरा ठणठणीत कोरडा, ही गोष्ट भाकडकथा वाटते, पण ती खरी आहे. पहिल्याला भेग सापडते, दुसरा सलग कातळात जातो. विहिरीत उतरलात तर ही भेग डोळ्यांनी दिसते. अशा लहरी जमिनीत नेम लागला की कौतुक होणारच. हुकलेले बोअर मात्र माती लोटून बुजवले जातात आणि चर्चेतूनही जातात.

नारळ उभा का राहतो? लांबट, आत पाणी डुचमळणारा नारळ तळहातावर आडवा ठेवला की त्याचा तोल नाजूक असतो. बोटे किंचित कलली तरी तो उठतो. इंग्रजी वाय आकाराची फांदी दोन्ही मुठींत ताणून धरलेली असते, त्यामुळे मनगट जरासे वळले की ती झटक्यात खाली येते. ही हालचाल धरणाऱ्याला स्वतःला जाणवत नाही, म्हणून त्याला लबाड म्हणणे चूक आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल यांनी दोऱ्याला टांगलेल्या लंबकाबाबत हेच 1833 मध्ये दाखवले होते: डोळे बांधले की लंबकाची करामत संपली. जर्मनीत कासेल येथे 1990 मध्ये सुमारे 30 पाणाड्यांची तीन दिवस चाचणी झाली. जमिनीत 50 सेंटीमीटर खोल प्लॅस्टिकचे पाइप पुरले होते. पाइप कुठे आहे ते वर पट्टीने दाखवलेले, फक्त पाणी वाहते आहे की नाही एवढे सांगायचे. चाचणी योग्य आहे असे सर्वांनी आधी लिहून दिले होते. निकाल अंदाजपंचेच आला.

गावात हे करून पाहणे अवघड नाही. पाणाड्याने दाखवलेली जागा बांधाचा दगड आणि विजेचा खांब अशा दोन पक्क्या ठिकाणांपासून टेपने मोजून वहीत लिहा, जमिनीवर खूण ठेवू नका. मग डोळे बांधून, वेगळ्या बाजूने त्याला पुन्हा शेतात आणा. अशा दहा फेऱ्या घ्या आणि दर वेळी अंतर मोजा. फसगत तीन ठिकाणी होते. नाकाशेजारच्या फटीतून खाली दिसते, म्हणून पट्टीखाली कापूस घाला. जमिनीचा उतार पायाला कळतो, म्हणून सपाट शेत निवडा. हात धरून नेणाऱ्याला जागा ठाऊक असेल तर तो नकळत तिकडे ओढतो, म्हणून तो माणूस पहिल्या वेळी हजर नसलेला हवा. पाइपची चाचणी घेतलीत तर पाणी सोडायचे की नाही हे दर फेरीला नाणे उडवून ठरवा. वीस फेऱ्यांत नुसत्या अंदाजाने दहाच्या आसपास उत्तरे बरोबर येतात. पंधरा किंवा जास्त येणे हे पन्नासात एकाच्या बाबतीत निव्वळ योगायोगाने घडते, तेव्हा असा माणूस निघाला तर हार घालण्याआधी त्याची चाचणी पुन्हा घ्या.

यंत्र आले म्हणून शंका सोडायची नाही. जमिनीचा विद्युत रोध मोजणारे यंत्र झिजलेला ओला थर आणि घट्ट कातळ यांतला फरक सांगते. खोलवरची बारीक भेग त्यातून निसटते. हे मान्य करणारा सर्वेक्षक विश्वासाचा. नुसते दिवे लावून पाण्याची खोली आणि लिटर सांगणाऱ्या डब्याच्या विक्रेत्याला तो डबा नेमके काय मोजतो ते विचारा. उंबराजवळ पाणी असते या जुन्या समजुतीत मात्र तथ्य आहे, कारण त्याला बारमाही ओल मानवते. पण ती ओल उथळ असते. तीनशे फुटांवर काय आहे हे उंबर सांगत नाही.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर फोटोसोबत चार गोष्टी छापा: पाणी किती फुटांवर लागले, तासाला किती लिटर, पुढच्या मे महिन्यात किती उरले, आणि त्याच पाणाड्याने त्या हंगामात दाखवलेल्या जागांपैकी कोरड्या किती गेल्या. मे महिन्याचा आकडा मिळेपर्यंत बातमी थांबली तरी चालेल.

– भूजल सर्वेक्षणात काम करणारे दोघे