बटण दाबलं, पण सेल्फ लागेना

विनिपेग (कॅनडा), १८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर गाडीचं अर्धवटच सांगून झालं. तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि आई मधेच फोन ओढून "कानटोपी घातली होतीस ना?" विचारत होती. "काय झालं ते क्रमाने लिहून पाठव" म्हणालात, म्हणून लिहिते. वर्कशॉपच्या जॉबकार्डासारखं जमणार नाही, सांभाळून घ्या.

बुधवारी सकाळी उणे ३२ होतं. रिमोट पर्समध्ये, ब्रेकवर पाय, बटण दाबलं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा थरथरले आणि मधल्या पडद्यावर अक्षरं आली, चावी सापडत नाही. चावी म्हणजे तो रिमोटच, आणि पर्स माझ्या मांडीवर!

तुम्ही विचारलंत, चावी खुपसायचीच नाही तर गाडीला कळतं कसं. बटण दाबलं की गाडी आतल्या अँटेनांवरून एक हाक मारते आणि जवळ असलेला रिमोट ओ देतो. ओ द्यायला त्याच्यात तीन व्होल्टचा एक चपटा सेल असतो, साधारण जुन्या चार आण्याएवढा. त्याचा नंबर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. (हे तुम्हाला आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.) ओळख पटली तरच इंजिन फिरवणाऱ्या सेल्फपर्यंत करंट जातो, नाहीतर नुसते दिवे बघत बसायचं.

मग मी शहाणपणा केला. गाडी स्वतःच म्हणतेय चावी सापडत नाही, म्हणजे दोष चावीचा, एवढं साधं गणित. सेल मेला असला तर रिमोट थेट बटणाला टेकवून दाबायचं, हे पुस्तकात दिलंय. रिमोटमधली चिप जवळून गाडीच्याच विजेवर वाचली जाते, तिला सेल लागत नाही. तसं केलं. आतून नुसतं कट-कट-कट. चार-पाचदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं झालं, तेव्हा वाटलं आता ब्रेकही गेले. इंजिन बंद असलं की ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दाबून दाबून संपतो, हे तुम्ही सांगितलेलं तेव्हा आठवलं असतं तर!

दहा मिनिटं चालत दुकानात गेले, सेल आणला, स्वयंपाकघरात ओट्यावर बसून नखाने रिमोट उघडला आणि बदलला. परत खाली. पडदा तेच म्हणतोय, आतून तेच कट-कट.

तेव्हा तुम्ही आठवलात. कराडच्या डेपोत मी शाळेतून डबा घेऊन यायचे आणि तुम्ही ड्रायव्हरला ओरडायचात, "अरे, आधी दिवा लाव, मग सेल्फ मार!" मी छतातला पिवळा दिवा लावला आणि त्याच्याकडे बघत बटण दाबलं. दिवा काजव्याएवढा झाला. बोट काढलं, परत उजळला. चावीचा काही संबंधच नव्हता, बॅटरी उतरली होती. व्होल्टेज इतकं खाली गेलं की गाडीला धड हाकही मारता येत नव्हती, आणि ठपका मात्र चावीवर.

तुमचा दुसरा प्रश्न, रात्रभर वायर लावून ठेवतेस तरी बॅटरी कशी उतरली? इथे पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसमोर खांबाला प्लग असतो आणि गाडीच्या जाळीतून वायर लोंबत असते, पण ती जाते इंजिनातल्या हीटरला. कूलंट कोमट राहतं, बॅटरीला त्यातलं काही मिळत नाही. उणे १८ लाच बॅटरीची ताकद जवळजवळ निम्मी होते, मग ३२ ला काय राहणार. त्यात माझं ऑफिस सात मिनिटांवर. तेवढ्यात सीट गरम, मागची काच गरम, ब्लोअर फुल. तुमच्या डायनॅमोने बॅटरी भरायची तरी कधी?

दादाने मेसेज केला होता, "धक्का मार की." त्याला सांगा, ऑटोमॅटिक गाडीला कितीही ढकललं तरी चाकं इंजिनाला फिरवत नाहीत. उतारावर लावायची युक्ती इथे चालत नाही, आणि विनिपेगमध्ये उतारही नाही, सगळं ताटासारखं सपाट.

शेजारच्या फिलिपिनो काकांनी केबल आणल्या. केबलला हात लावायच्या आधी त्यांनी टॉर्च लावून बॅटरीच्या बाजू फुगल्यात का ते बघितलं. उतरलेली बॅटरी या थंडीत गोठते, आणि गोठलेल्या बॅटरीला केबल लावली तर ती फुटू शकते. कराडला हे तुम्हाला कधी बघावं लागलं नसेल. फुगलेली नव्हती. मग लाल आमच्या प्लसला, लालचं दुसरं टोक त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला, आणि शेवटचं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, ठिणगी बॅटरीपासून लांब पडावी म्हणून. पाच मिनिटं त्यांची गाडी चालू ठेवली. मी बटण दाबलं आणि इंजिन घरघरत एकदाचं लागलं. काका हातमोज्यांतून टाळ्या वाजवत होते. त्यांना आईच्या हातचे लाडू द्यायचेत, पण संक्रांतीचं पार्सल अजून पोचलेलं नाही.

तशीच गॅरेजला नेली. चार्ज करून लोड लावून बघितलं तर बॅटरी तग धरेना, सहा वर्षांची झाली होती. नवीन टाकली. किंमत सांगत नाही, तुम्ही लगेच रुपयांत गुणाल.

जुनी त्यांनीच ठेवून घेतली. तुम्ही असतात तर आधी झाकणं उघडून पाणी बघितलं असतं, ॲसिड तपासायचा हायड्रोमीटर घातला असता. मीही वाकून बघितलं बाबा, पण ती सीलबंद होती, तिला झाकणंच नव्हती.

आईला नमस्कार. कानटोपी घातली होती.

तुमची,
मनू